जत्रेचे कागद

अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही भावांनी वाटणी केली. विहिरीच्या पाळीवरनं आणि बांधावरच्या दोन लिंबांवरनं थोडी ताणाताणी झाली, पण पत्र्याच्या हिरव्या पेटीवर कुणी हक्क सांगितला नाही. धाकटा म्हणाला, "त्यात काय हाय? जत्रेचे कागद हैत नुसते. तुला वाचायचा नाद हाय, तर ने तू." मी मास्तर, म्हणून कागद माझ्या वाट्याला आले. सोलापूरच्या घरी आणून पेटी उघडली तर आधी गुलालाचा वास आला आणि मग कसरीचा.

आत अर्जांच्या नकला होत्या, कार्बन घालून काढलेल्या. पोच म्हणून मारलेले गोल जांभळे शिक्के, चलनाच्या पावत्या, हमीपत्रं, आणि लाल कापडी पुठ्ठ्याच्या तीन वह्या. पहिला कागद १९६२ चा, शेवटचा २००८ चा. सगळ्यांची सुरुवात एकच : ‘मेहेरबान साहेब यांचे सेवेशी, विनंती अर्ज की, आमचे गावी श्री भैरोबा देवाची वार्षिक यात्रा सालाबादप्रमाणे भरणार असून...’ सालाबादप्रमाणे या शब्दावर अण्णांचा फार भरवसा. एखादी गोष्ट सालाबादची आहे म्हटलं की साहेबाला नाही म्हणायला जड जातं, असं ते म्हणायचे.

आमचं गाव सीनेच्या काठावर. अकरा एकर कोरडवाहू, त्यात मालदांडी ज्वारी, थोडी करडई, हे आमचं घर. अण्णा ना पाटील, ना सरपंच. सातवी पास झालेले, म्हणजे त्या वेळची व्हर्नाक्युलर फायनल, आणि अक्षर मोत्यासारखं. एवढ्याच गुणावर गावानं त्यांना जत्रेच्या अर्जाला जुंपलं ते सेहेचाळीस वर्षं सोडलं नाही. अर्जाखाली पाच पंचांच्या सह्या असायच्या, पण हमीपत्रावर एकच : अण्णांची. कार्यक्रमात काही गैरप्रकार घडल्यास त्यास मी जबाबदार राहीन. लहानपणी मला वाटायचं, आपला बाप भैरोबाला जामीन राहिलाय.

जत्रा चैत्री पौर्णिमेनंतर. पहिल्या रात्री छबिना, पालखी देवळात आली की तमाशा, तो दिवस उजाडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी नदीच्या वाळूत कुस्त्या. बाया पहाटे पाणी भरायला निघायच्या तेव्हा वगातला राजा अजून फाशीवरनं सुटलेला नसायचा. लेकी माहेरी आलेल्या, पुण्या-मुंबईला गेलेले गडी परतलेले. दसऱ्याला बाहेर पडलेले फड चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा करत हिंडायचे, आणि सुपारी द्यायला आमची माणसं पार जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावापर्यंत जायची. तिथं पाडव्याच्या आधीपासून फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच उन्हातान्हात एका राहुटीतनं दुसरीत फिरत भाव करतात. विठाबाई नारायणगावकरांचं नाव सगळ्या महाराष्ट्रानं नारायणगावाशी जोडलं, पण त्या जन्मल्या आमच्या जिल्ह्यात, पंढरपुरात, १९३५ साली. हे अण्णा प्रत्येक फडाच्या मॅनेजरला ऐकवायचे. त्यानं सुपारी दहा रुपयांनीसुद्धा उतरायची नाही, पण ऐकवायचे.

पैसे यायचे पट्टीतनं. १९६२ च्या वहीत लिहिलंय : नांगरामागं दोन रुपये, बिननांगऱ्या घराला आठ आणे, मोटेच्या बागायतीला एक रुपया जादा. वाण्याची, सोनाराची पट्टी वेगळी. खर्चाच्या बाजूला तमाशाची सुपारी २७५ रुपये, पैकी इसार ५०. फडाला शिधा म्हणून ज्वारीचं पीठ, डाळ, तेल, मिरची आणि एक बकरं. बत्त्यांचं रॉकेल. पैलवानांचे नारळ. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ, दरवर्षी न चुकता : ‘किरकोळ, तालुका, रु. ७’. पुढं ही किरकोळ रक्कम वाढत गेली, पण किरकोळच राहिली.

पट्टीच्या यादीत नावं आळीनं आळीनं लिहिलेली. वरची आळी, माळआळी, धनगरवाडा. मग बौद्धवाडा आणि मातंग वस्ती यांच्यापुढं नावं नाहीत, एकच शब्द : माफ. कॉलेजात असताना मला हा शब्द गावाच्या मोठेपणाचा वाटला होता. गरिबाकडनं पैसे घ्यायचे नाहीत, किती चांगलं! त्याचा दुसरा अर्थ कळायला बराच काळ गेला. पट्टी नाही म्हणजे पंचात जागा नाही, पंचात नाही म्हणून अर्जावर सही नाही, आणि अर्जावर सही नसलेल्या माणसानं तमाशा बघायचा तो कनातीच्या कडेला उभा राहून. पैशाच्या बदल्यात त्यांच्याकडं काम होतं. छबिन्यापुढं हलगी मातंग वस्तीची. दिवट्या पूर्वी महारवाड्याच्या होत्या, पण १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली त्यानंतर एक-दोन वर्षांत आमच्याकडच्या लोकांनी दिवट्या खाली ठेवल्या. अण्णांच्या वह्यांत ‘गॅसबत्त्या भाड्याने’ ही ओळ पहिल्यापासूनच आहे. इतिहास असा रॉकेलच्या हिशोबात सापडतो.

निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून मी या कागदांचं मूळ शोधत मागं मागं गेलो. नाचाय-गायला सरकारी कागद लागतो हे कधी सुरू झालं? सोलापूरच्या रामजोश्यांनी उत्तर पेशवाईत ब्राह्मणवाडा सोडून डफ हातात घेतला, तेव्हा त्यांना फौजदाराचा दाखला लागला नव्हता. जातीची परवानगी लागत होती, ती त्यांनी घेतली नाही, एवढंच. कागद आणला इंग्रजानं. १८७६ साली नाट्यप्रयोगांचा कायदा झाला तो बंगालमधल्या नाटकांना घाबरून, पण लागू सगळीकडं झाला. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ ला रंगभूमीवर आलं, प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन ओळखला, मग सरकारनंही ओळखला, आणि १९१० साली नाटक बंद. सोलापुरात शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती टिळकांच्याही आधीचा, १८८५ चा, असं सोलापूरकर अभिमानानं सांगतात. पण गणपतीपुढचे मेळे जसे राजकारणाचं गाऊ लागले, तसा पोलीसही वहीपेन्सिल घेऊन मेळ्यात बसू लागला.

सोलापूरला तर परवान्याचा धडा सगळ्यांत कडक मिळाला. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर उठलं, पोलीस पळाले, तीन-चार दिवस गावात इंग्रजाचं राज्यच नव्हतं. मग मार्शल लॉ आला. डोक्यावर गांधी टोपी घालायची नाही, तिरंगा घेऊन चालायचं नाही. जमणं, मिरवणं, गाणं हे सगळंच गुन्हा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या दिवसांत. अण्णा जन्मले त्याच साली. आजोबा त्यांना ‘मार्शलातलं पोरगं’ म्हणायचे.

पुढं इंग्रज गेला, कागद राहिला. आपल्या सरकारनं तर एक पाऊल पुढं टाकलं. बाळासाहेब खेरांच्या सरकारनं अश्लीलतेच्या कारणानं तमाशावर बंदी घातली. फडावर पोट असलेली शेकडो माणसं उघड्यावर आली, आरडाओरड झाली, तेव्हा दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली आणि अटी घालून तमाशा सोडला. पुण्याच्या विद्वानांनी ढोलकीच्या फडाला सोवळं नेसवलं, असं आमचे एक जुने सोंगाड्या म्हणायचे. याच दिवसांत अण्णाभाऊ साठ्यांच्या तमाशावर सरकारची वक्रदृष्टी होती. अण्णाभाऊंनी आणि बार्शीच्या अमरशेखांनी तेच रूप लोकनाट्य म्हणून लोकांपुढं उभं केलं. तमाशाला बंदी, लोकनाट्याला कशी असेल? नाव बदलून परवान्याच्या फटीतनं निसटायची ही युक्ती लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. त्याच्या ३३ व्या कलमानं करमणुकीच्या जागांना आणि कार्यक्रमांना परवाने देण्याचे नियम करायचा अधिकार मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्ताला आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकाऱ्याला मिळाला. १९५४ पासून नाटकाची संहिता तपासणारं मंडळ आलं, आज त्याला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ म्हणतात. १९७२ ला तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला याच मंडळानं अडवलं आणि कमलाकर सारंग उच्च न्यायालयात जाऊन जिंकले. मुंबईच्या पोलिसांचे १९६० चे जे नियम आहेत, त्यांच्या नावातच कॅबरे, मेळे आणि तमाशे एका ओळीत बसवलेत. गणपतीपुढचा मेळा, भैरोबापुढचा तमाशा आणि हॉटेलातला कॅबरे एका फायलीत! ज्या बाबूनं हे नाव लिहिलं त्याला मला एकदा भेटायचं होतं.

नाटकाचं ठीक आहे, ते लिहिलेलं असतं. तमाशाचा गण-गौळण पाठ असतो, बतावणी कधी कुणी लिहितच नाही, आणि वगाचा नुसता सांगाडा ठरलेला. सोंगाड्या त्या गावात शिरताना जे बघेल ते रात्री बोलतो. कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली, सरपंचाला मिशा का नाहीत, हेसुद्धा. त्याची संहिता कुठनं आणायची? फडाचा मॅनेजर ट्रंकेत एका वगाची शिक्का मारलेली प्रत बाळगायचा, कडा झिजून गेलेली. एकदा ठाण्यात साहेबांनी विचारलं, "वग कुठला?" मॅनेजरनं प्रत पुढं केली. साहेबांनी चार पानं उलटली, म्हणाले, "हा तर चांगला धार्मिक आहे." रात्री झाला तो डाकूचा वग. साहेब पहिल्या रांगेत बसून पहाटेपर्यंत हसत होते.

कागदाची वाट अशी असायची. आधी पोलीस पाटलाचा दाखला आणि पंचायतीचा ठराव. मग कोर्ट फीचं तिकीट लावून अर्ज तहसिलीत. तिथनं तो ठाण्यात चौकशीला. ठाण्याचा अहवाल परत तहसिलीत. मग परवान्याची फी, तिचं चलन कोषागारात भरायचं. ‘कार्यक्रम विनातिकीट आहे’ हे अर्जात ठळक लिहावं लागायचं, नाहीतर १९२३ च्या कायद्यातला करमणूक कर मानगुटीवर. लाईट आल्यावर वीज मंडळाची तात्पुरती जोडणी, तिचा वेगळा अर्ज. प्रत्येक खेपेला एसटीनं तालुक्याला जायचं, साहेब दौऱ्यावर असले तर बाकावर बसून राहायचं, शेवटच्या गाडीनं परत. अण्णांच्या कोपरीच्या खिशात भाकरीचं फडकं आणि अर्जाची घडी एकत्र असायची, म्हणून कित्येक नकलांवर तेलाचे डाग आहेत. आणि एवढं करून परवाना हातात पडायचा तो जत्रेच्या आदल्या दिवशी सांजच्याला. फडाची गाडी तोवर अर्ध्या वाटेत. तालुक्याच्या त्या कचेरीचं नाव मी लिहीत नाही. तिथले सगळेच वाईट नव्हते. एका कारकुनानं बहात्तरच्या दुष्काळाच्या साली अण्णांना स्वतःहून विचारलं होतं, "यंदा अर्ज नाही आणला?" त्या वर्षी सगळं गाव खडी फोडायला आणि नालाबांधाच्या कामावर होतं. वहीत एवढंच आहे : ‘दुष्काळामुळे भजन.’

आता १९८४ चं सांगतो. हे पान मी चार वेळा उलटून पुढं गेलो आणि चार वेळा मागं आलो.

त्या साली चैत्री पौर्णिमा आणि चौदा एप्रिल अगदी शेजारी आले. बौद्धवाड्यातल्या आणि मातंग वस्तीतल्या पोरांनी मिळून पहिल्यांदाच जयंतीची मिरवणूक काढायचं ठरवलं होतं, वेशीतनं, पेठेच्या रस्त्यानं. त्यात माझा वर्गमित्र होता, हलगीवाल्याचा मुलगा, सोलापूरला सूतगिरणीत लागलेला. अर्जाला गावातल्या प्रतिष्ठितांचा ना हरकत दाखला जोडा, असं ठाण्यानं सांगितलं. दिवसही नाजूक होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ ला झाला तेव्हाची जाळपोळ कुणी विसरलं नव्हतं, आणि आमची शीव ओलांडली की मराठवाडा. साहेब म्हणाले, लागून दोन बंदोबस्त मला देता येणार नाहीत, गावानं ठरवावं.

मित्र संध्याकाळी आमच्या ओसरीवर आला. मी सुट्टीत घरी होतो. तो म्हणाला, "अण्णा, तुमची सही झाली की बाकीचे चार आपसूक करत्यात." अण्णांनी कागद घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. मग म्हणाले, "अर्ज बेस लिव्हलाय. पर पंचास्नी इचारल्याबगार मी कसा सही करू? बगू." तो बगू तीन दिवस चालला. चौदा तारीख निघून गेली. जत्रा सालाबादप्रमाणे झाली. फक्त हलगी वाजली नाही. मातंग वस्तीतनं एकही माणूस छबिन्याला आला नाही. ऐन वेळी शेजारच्या गावातनं वाजवणारे आणावे लागले. वहीत ती ओळ आहे : ‘हलगी, बाहेरगावची, रु. ६०.’ अण्णांच्या अक्षरात एरवी कधी खाडाखोड नसते. इथं ‘बाहेरगावची’ हा शब्द आधी लिहून खोडलाय आणि पुन्हा लिहिलाय.

मीही तिथंच बसलो होतो, शिकलेला, मास्तर. मी काही बोललो नाही. हे लिहायला हवं.

पुढच्या वर्षी अण्णा स्वतः फेब्रुवारीतच मित्राच्या घरी गेले आणि ना हरकतीचा कागद तिथं बसून स्वतःच्या हातानं लिहून दिला. दोन पंच त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. एकानं तर पाण्याच्या पाळीत त्रास दिला. त्यांनी हे का केलं, कशानं मन पालटलं, मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. १९८६ च्या पट्टीत ‘माफ’ हा शब्द नाही. त्या जागी सोळा नावं आहेत, प्रत्येकी पाच रुपये. पहिलं नाव माझ्या मित्राच्या वडिलांचं. हलगीपुढं आता रक्कम आहे, गावचीच हलगी, पण मोबदला देऊन. त्याच सालच्या अर्जाखाली पाचाऐवजी सात सह्या आहेत.

सरकार पैसे देतं का, असं मला बरेच लोक विचारतात. देतं, पण ते कशाला देतं ते बघावं लागतं. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं जत्रा, उत्सव आणि करमणुकीवर कर बसवायचा अधिकार पंचायतीला दिला. म्हणजे कायद्याला जत्रा दिसली ती उत्पन्न म्हणून. वर्गणी गोळा करायची तर विश्वस्त कायद्याच्या ४१ क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणपती मंडळं ती घेतात, गावची पट्टी मात्र कुणी विचारत नाही म्हणून चाललीय. पुढं देवस्थानांना ‘क’ वर्ग यात्रास्थळाचा दर्जा मिळू लागला, जिल्ह्याच्या नियोजनातनं निधी आला. आमच्या भैरोबालाही आला. सभामंडप झाला, पेव्हर ब्लॉक बसले, हायमास्ट दिवा लागला. ज्या उजेडात नाचायचं तो उजेड सरकारी झाला, नाचणारीची सुपारी पट्टीतनंच. फडांना अनुदान देण्याची योजना सांस्कृतिक कार्य संचालनालयाची आहे, वृद्ध कलावंतांना मानधन १९५४-५५ पासून आहे. बरीच वर्षं स्थानिक कलावंताला महिना २२५० रुपये मिळायचे, २०२४ पासून सगळ्यांना सरसकट ५००० झाले. पण त्यासाठी कलावंत असल्याचे पुरावे जोडावे लागतात : छापील पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं. आमच्या हलगीवाल्याकडं काय असणार? साठ वर्षं त्यानं वाजवलं त्याचा लेखी पुरावा म्हणजे अण्णांच्या वह्या. त्यातल्या ११ पानांच्या झेरॉक्स मी साक्षांकित करून दिल्या. त्यातलं एक पान चौऱ्याऐंशीचं होतं, ‘बाहेरगावची’वालं. ते मी दिलं नाही, मग परत जाऊन दिलं. त्या वर्षी तो का वाजवत नव्हता, हाही त्याच्या कलेचाच भाग आहे. मानधन मंजूर झालं तेव्हा म्हातारा ८१ वर्षांचा होता. तीन वर्षं त्यानं ते घेतलं.

शेवटची गोष्ट आवाजाची. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले : लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरले. त्या याचिकेमागं एका मुलीची बातमी होती, लाऊडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकू गेल्या नव्हत्या. हे वाचल्यावर नियमाविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही. डॉल्बीच्या भिंतीपुढं उभं राहून ज्यानं छातीतली धडधड अनुभवलीय त्यानं तर बोलूच नये. वर्षातनं १५ दिवस राज्य सरकार रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक गणपती, नवरात्र अशा सगळ्यांच्या सणांत संपतात. एका गावच्या भैरोबाचा दिवस त्या यादीत कसा येणार? आणि तमाशा हा रात्रीचा खेळ. दहाला तर आमच्याकडं माणसं जेवून निघतात.

२००७ ला परवान्यावर वेळ होती ‘सायं. ७ ते १०’. त्या दिवसांत लोडशेडिंग. संध्याकाळी साडेसहाला लाईट गेली ती साडेनऊला आली. फडाचा जनरेटर वाटेतच बिघडला होता. साडेनऊला ढोलकी-तुणतुणं लागलं, गण झाला, गौळणीतल्या मावशीनं नुकतं तोंड उघडलं, तोवर जीप आली. फौजदार तरुण होता, आवाज न चढवता बोलला. "काका, दहा वाजले. बंद करा."

"साहेब, आत्ता तर लाईट आलीया. गौळण बी पुरी झाली न्हाई."

"मला दिसतंय हो. पण परवान्यावर वेळ आहे आणि खाली सही तुमची आहे. उद्या तक्रार आली तर तुमच्यावरच गुन्हा दाखल करावा लागेल. मला ते नको आहे."

७६ वर्षांचे अण्णा स्टेजवर चढले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, घरी जावा." मागनं शिट्ट्या आल्या, एक चप्पल आली. मग पैशाचा तंटा. सुपारी ३५ हजार, इसार दहा दिलेला. पोरं म्हणाली, खेळच झाला नाही तर बाकीचे कशाचे? फडाच्या मालकीणबाई लुगड्याचा पदर खोचून देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. मागं ट्रकात तीस-पस्तीस माणसं, दोन तान्ही पोरं. त्या अण्णांना म्हणाल्या, "आमी नाचाय तयार हुतो. थांबवलं ते तुमच्या कागदानं."

समितीनं रात्री एकला कसेबसे सोळा हजार जमवले. नऊ हजार कमी. सकाळी आमच्या कोठीतली मालदांडीची दहा पोती व्यापाऱ्याच्या टेंपोत चढली. आई आठ दिवस अण्णांशी बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. ती ज्वारी वर्षाची होती. वहीत यातलं काहीच नाही. ‘सुपारी पूर्ण पावली’ एवढंच, आणि खाली मालकीणबाईंची सही, मोडीसारखी वळणदार. पुढच्या वर्षी अण्णांनी अर्ज लिहिला, पण हमीपत्र लिहिलं नाही. "आता दुसऱ्यानं जामीन ऱ्हावं," म्हणाले. दुसरा कुणी राहिला नाही. २००९ पासून गावात ऑर्केस्ट्रा येऊ लागला, मग दुपारच्या कुस्त्या आणि संध्याकाळी कीर्तन. २०२० ला पाडवा २५ मार्चला होता, टाळेबंदीचा पहिला दिवस. राहुट्या उठल्या आणि फडांचे दोन हंगाम बुडाले.

गेल्या फाल्गुनात गावातली चार पोरं मोटारसायकलींवर माझ्याकडं सोलापूरला आली. त्यातला एक माझ्या मित्राचा मुलगा, जत्रा समितीचा खजिनदार. म्हणाला, "काका, यंदा ढोलकी फड आणायचा ठरलंय. अर्ज तुम्ही लिहा, अण्णांसारखा." मी पेटीतली एक जुनी नक्कल पुढ्यात ठेवली आणि ‘सालाबादप्रमाणे’पर्यंत आलो. पुढं कार्यक्रमाचं स्वरूप लिहायचं होतं.

"तमाशा लिहू नका," तो म्हणाला. "लोकनाट्य लिहा. तमाशा म्हटलं की साहेब चार प्रश्न जास्त विचारतात."

मी ‘लोकनाट्य तमाशा’ लिहिलं. त्यानं वाचलं, काही बोलला नाही. वेळेच्या रकान्यात सहा ते दहा घातलं.

"सहाला ऊन असतं की," दुसरा म्हणाला. "बायामाणसं कशी बसतील?"

"कनात मावळतीकडनं उंच बांधू," खजिनदार म्हणाला, "सावली पडंल." मग हमीपत्राचा कागद त्यानं माझ्याकडनं ओढून घेतला आणि सही कुठं करायची ते विचारलं.